गणपतीतलं बीपी शिबिर: १६० मापं झाली, पुढे काय?

पत्र: आमची वाडी कुडाळ तालुक्यात आहे. गेल्या गणपतीत आमच्या बचत गटानं बीपी तपासणीचं शिबिर घेतलं. संध्याकाळी भजनाआधी देवळाच्या सभामंडपात एक मशीन ठेवलं आणि दोन तासांत १६० जणांना तपासलं. ७१ जणांचं माप १४०/९० च्या वर आलं, पण नंतर आरोग्य केंद्रात गेले फक्त नऊ. चाकरमानी पाचव्या दिवशी मुंबईला परतले, त्यांचं पुढे काय झालं ते कळलंच नाही. ज्यांना गोळ्या सुरू झाल्या त्यातल्या काहींनी 'आता बरं वाटतं' म्हणून सोडून दिल्या. एका काकांचं माप १९६/११२ आलं तेव्हा गोंधळ उडाला आणि कुणीतरी त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली. यंदा पुन्हा शिबिर घ्यायचं आहे. ते कसं घ्यावं? आणि मिठाबद्दल बायकांना काय सांगावं? शेंदेलोण चालतं असं सगळ्याच म्हणतात.
– एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

शिबिर जरूर घ्या. फक्त गेल्या वर्षीचे ते ७१ आकडे पक्के धरू नका. दोन तासांत १६० माणसं म्हणजे माणशी पाऊण मिनिट. डिजिटल मशीनला पट्टा फुगवून हवा सोडायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. याचा अर्थ माणूस घाटी चढून आला, टेकला न टेकला तोच पट्टा बांधला आणि आकडा लिहून पुढच्याला हाक मारली. बाजूला टाळ-मृदंगाची जुळवाजुळव, हातात चहाचा कप, मुंबईहून आलेल्या भावाशी गप्पा. अशा मापात खरा आजार किती आणि धावपळ किती, हे वेगळं काढता येत नाही.

माप घेताना नुसतं बोलत राहिलं तरी वरचा आकडा दहाच्या आसपास वाढू शकतो. लघवी तुंबलेली असली तरी तसंच. हात हृदयाच्या पातळीच्या जितका खाली लोंबेल तितकं माप चढतं, दर १० सेंटिमीटरला साधारण ७ ते ८ नं. मांडीवर हात ठेवून घेतलेलं माप म्हणून जास्त येतं. पायावर पाय टाकून बसणं, पाठ टेकलेली नसणं, यानंही थोडी भर पडते. ही सगळी भर एकाच माणसावर पडली की १२८ चे १४८ व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून पहिला बदल जागेचा आणि वेळेचा. शाळेला गणपतीची सुट्टी असते, एक वर्ग मागून घ्या. बाक मात्र वापरू नका. मुलांचे बाक बुटके, त्यावर मोठ्या माणसाचा हात खालीच राहतो. पाठ असलेल्या खुर्च्या आणि साधं टेबल हवं. हात कमी उंचीवर येत असेल तर खाली घडी घातलेली चादर ठेवा. पट्ट्याचा मध्य छातीच्या मध्याच्या पातळीत आला पाहिजे. वेळ सकाळी आठ ते अकरा. आरतीच्या आगेमागे नको, गौरी बसायच्या दिवशी नको, कारण त्या दिवशी बायका सवडीत नसतात आणि त्यांचीच मापं राहून जातात.

दुसरा बदल वेगाचा. एका मशीनवर तासाला दहा माणसं, याच्या वर जाऊ नका. दोन मशीन, दोन सकाळी, तीन-तीन तास असं धरलं तर १२० माणसं नीट होतात. दाराजवळ सहा-सात खुर्च्या 'गप्प बसायच्या' ठेवा. प्रत्येकानं तिथे पाच मिनिटं पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीला लावून बसायचं आणि मग टेबलाकडे यायचं. त्या खुर्च्यांवर मोबाइलही नको. दारात एक मुलगी बसवा. ती दोनच गोष्टी विचारेल: लघवीला जाऊन आलात का, आणि अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मशेरी, विडी काही घेतलं का? घेतलं असेल तर अर्धा तास थांबवा. चहा द्यायचाच असेल तर माप झाल्यावर, बाहेरच्या पडवीत.

पट्ट्याकडे बहुतेक शिबिरांत कुणी पाहत नाही. मशीनसोबत येणारा मधल्या मापाचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पट्ट्यावर ते छापलेलं असतं, वाचून घ्या. शिंप्याची टेप आणा आणि खांदा व कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की माप खोटंच चढतं, वीसपर्यंतही. उलट हडकुळ्या म्हाताऱ्या आजीला मोठा पट्टा लावला तर माप कमी येतं आणि तिचा आजार लपतो. निदान एक मोठा पट्टा आरोग्य केंद्रातून मागून ठेवा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, नळी दंडाच्या आतल्या बाजूनं खाली आणि पट्ट्याखाली एक बोट सहज सरकेल इतकाच घट्ट.

बायकांच्या बाबतीत ब्लाऊजची बाही ही मोठी अडचण. बाहीवर पट्टा बांधला तर माप चुकतं, आणि घट्ट बाही वर सरकवली तर तीच दोरीसारखी दंड आवळते, मग माप पुन्हा चुकतं. आदल्या दिवशीच निरोप द्या की सैल बाहीचं घालून या. टेबलामागे एक पडदा लावा आणि त्या बाजूला मशीनवर बाईच बसवा.

प्रत्येकाची दोन मापं घ्या, मध्ये एक मिनिट सोडून. दोन्हींत दहापेक्षा जास्त फरक आला तर तिसरं घ्या. शेवटच्या दोन मापांची सरासरी चिठ्ठीवर लिहा. पहिल्यांदाच मोजून घेणाऱ्याचे दोन्ही हात मोजा, ज्या हाताचं जास्त येतं तोच हात पुढे कायम वापरायचा. नाडी अनियमित असल्याची खूण मशीन दाखवत असेल तर त्या मापावर भरवसा ठेवू नका, तसं चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांकडे पाठवा. मनगटावर बांधायची मशीन शिबिरात नकोतच, मनगट जरा वाकलं तरी आकडा बदलतो. शिबिराच्या आधी तुमची मशीन आरोग्य केंद्रात नेऊन तिथल्या उपकरणाशी ताडून घ्या, आणि सेलचा जादा जोड जवळ ठेवा.

आता आकड्यांचा अर्थ. दोन्हींपैकी जो आकडा वरच्या गटात बसतो, तो गट धरायचा. म्हणजे १३६/९४ हे ९४ मुळे १४०/९० च्या वरच्या गटात. १३०/८५ च्या खाली असेल तर वर्षानं पुन्हा मोजा. १३० ते १३९ किंवा ८५ ते ८९ असेल तर सहा महिन्यांनी, आणि मीठ, वजन, चालणं यांकडे आजपासून लक्ष. १४० ते १५९ किंवा ९० ते ९९ असेल तर त्या माणसाला 'तुम्हाला बीपी आहे' असं सांगायचं नाही. एका दिवसाच्या मापावर निदान होत नाही. महिन्याच्या आत दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा मोजायचं. १६० ते १७९ किंवा १०० ते १०९ असेल तर आठवड्याच्या आत डॉक्टर. १८० किंवा ११० च्या वर गेलं तर त्याच दिवशी. गरोदर बाईचा हिशेब वेगळा. तिचं १४०/९० आलं तरी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवा, सोबत कुणीतरी जा.

त्या काकांच्या बाबतीत जे झालं ते पुन्हा होऊ देऊ नका. गोळी ठेवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण जिभेखाली गोळी ठेवून किंवा कॅप्सूल फोडून दाब झटक्यात खाली आणायची पद्धत वैद्यकशास्त्रानं केव्हाच टाकून दिली आहे. कित्येक महिने चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तो दाब एकदम कोसळला की अपुरा पडतो, आणि जो पक्षाघात टाळायचा तोच ओढवू शकतो. असा आकडा आला तर माणसाला शांत बसवा, गर्दी हटवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढ्यात विचारा: छातीत दुखतंय का, दम लागतोय का, एका बाजूचा हात-पाय जड झालाय का, बोलणं अडखळतंय का, दिसायला अंधुक किंवा दोन-दोन दिसतंय का, एकाएकी जबर डोकं दुखतंय का? तोंड वाकडं झालंय का ते स्वतः पाहा. यातलं एकही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून द्या, कारण गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं. सीटी स्कॅनची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे शिबिराआधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. काहीच त्रास नसेल तर घाबरायचं कारण नाही, पण त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. स्वतः गाडी चालवत नाही, एकट्यानं नाही, आणि शेजाऱ्याची गोळी घेऊन तर मुळीच नाही.

७१ पैकी नऊच का गेले, याचं मोठं कारण त्यांना काहीच होत नव्हतं. उच्च रक्तदाबाला बहुतेकांच्या बाबतीत कसलंच लक्षण नसतं. डोकं दुखलं की बीपी वाढलं आणि नाही दुखलं की ठीक, हा समज तुमच्या वाडीतही असणार. तो शिबिरातच खोडून काढा. माप हातात देताना एवढंच सांगा: त्रास होत नाही म्हणून तर मोजायचं. त्रास सुरू होतो तोवर मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा किंवा हृदय यांचं नुकसान बरंच झालेलं असतं. माप सांगताना आवाज खाली ठेवा. सगळ्यांदेखत '१७०!' असं ओरडलं की माणूस लाजतो आणि पुन्हा फिरकत नाही. यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तर कधीच टाकू नका.

चिठ्ठी दोन प्रतींत करा. एकीवर नाव, वय, दोन्ही मापं, कुठला हात, सकाळची गोळी घेतली होती का, आणि पुन्हा कधी मोजायचं ती तारीख. ही त्या माणसाची. दुसरी त्याला विचारून तुमच्याकडे, त्यावर फोन नंबर. तिथल्या तिथे आशाताईंना बसवा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी आणि नोंद हे सरकारी कामच आहे, त्यामुळे तुमची यादी त्यांच्याही उपयोगाची. तुमच्या जिल्ह्याला एक जमेची बाजू आहे: २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, त्या जवळच्या केंद्रात मोफत, रुग्णाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन, ही त्याची रीत. शिबिराच्या पंधरा दिवस आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून विचारा की साठ नवे रुग्ण आले तर गोळ्यांचा साठा पुरेल का. पहिल्याच खेपेला 'गोळ्या संपल्या' ऐकलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

गोळ्या तुम्ही वाटू नका. कुणाला कोणती द्यायची ते मूत्रपिंड, साखर, दमा, वय पाहून ठरतं. तुमचं काम त्या सुटू न देणं. 'आता बरं वाटतं' म्हणणाऱ्याला सांगा, आकडा खाली आहे तो गोळीमुळेच, सोडली की काही दिवसांत वर जातो. काही गोळ्या एकाएकी सोडल्या तर दाब पूर्वीपेक्षा जोरात उसळतो. लोक गोळी सोडतात त्यामागे कधी खरा त्रासही असतो आणि तो ऐकून घ्यायला हवा. अ‍ॅम्लोडिपिननं घोट्याशी सूज येते, एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलनं कोरडा खोकला लागतो, लघवीच्या गोळीनं रात्रीची झोपमोड होते. या सगळ्यांना पर्याय आहेत. सूज आली तर डॉक्टर मात्रा कमी करतील किंवा गोळी बदलतील, लघवीची गोळी सकाळी घेता येते. न सांगता सोडणं तेवढं नको. शेतावर कंबर दुखली की मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी दाब वाढतो आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमधही दाब वाढवतं. पोटात गॅस झाला म्हणून घेतलेल्या फेसाळ पुडीत सोडियम भरपूर असतं. शिबिरात 'आणखी काय काय घेता?' हे विचाराच.

आता मीठ. शेंदेलोण असो, काळं मीठ असो, समुद्राचं जाडं असो, मुख्य घटक सोडियम क्लोराईडच, आणि दाब वाढवतं ते सोडियम. वर शेंदेलोणात बऱ्याचदा आयोडीन घातलेलं नसतं. तेव्हा शेंदेलोण मोकळ्या हातानं घालायचं हे चुकीचंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात पापड-लोणच्यापासून बिस्किटापर्यंत सगळं आलं.

हे भाषणानं कळत नाही, पुडीनं कळतं. बचत गटाच्या बैठकीत एक काम द्या: मिठाची १ किलोची नवी पुडी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. घरात पाच माणसं असतील तर ५ ग्रॅमच्या हिशेबानं दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे पुडी ४० दिवस पुरली पाहिजे. बाहेरचं फरसाण, वेफर, पाव यांतलं मीठ वेगळं, म्हणून खरं तर पन्नासच्या पुढे जायला हवी. बावीस-पंचवीस दिवसांत संपली तर त्या घरात दुप्पट मीठ जातंय. लोणच्याला, मासे खारवायला वापरलेलं मीठ वेगळ्या बरणीतून घ्या, म्हणजे हिशेब बिघडणार नाही. पुढच्या पुडीचे दिवस किती वाढले ते बायका आपापसांत आवडीनं सांगतील.

तुमच्याकडे मीठ कुठून जातं ते पाहा. पावसाळ्यात मासळी बंद, म्हणून सुका बांगडा, सुकट, बोंबील. सकाळच्या पेजेसोबत खारातली मिरची नाहीतर मिठातली कैरी. जेवणात सोलकढी, पापड, आणि पानात वाढलेलं चिमूटभर मीठ. यातलं सगळं सोडा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. खारवलेला मासा अर्धा तास पाण्यात भिजवून ते पाणी फेका, पुन्हा एकदा तसंच करा, आणि कालवणात वरून मीठ घालू नका. भाताला, भाकरीला, पेजेला मीठ नको. पानात मीठ वाढायचं बंद. रोजचं खारातलं आठवड्यातून एक-दोनदा. पापडात पापडखाराचंही सोडियम असतं, तेव्हा दोनाचा एक. आमटी-भाजीतलं मीठ आधी पाव हिश्शानं कमी करा, दोन-तीन आठवड्यांनी आणखी थोडं. कोकम, लिंबू, तिरफळ, कोथिंबीर, ओलं खोबरं यांनी चव राहते आणि जिभेला काही आठवड्यांत कमी मिठाची सवय होते. घरात कर्त्या पुरुषाचं जेवण वेगळं शिजवू नका. एकाच टोपातलं सगळ्यांनी खाल्लं तरच हे टिकतं, आणि मुलांची जीभ लहानपणीच कमी मिठाला सरावते.

कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराईड असतं. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर त्याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि ते मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्के कमी दिसलं. तरी शिबिरात ते वाटू नका. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना त्यातलं पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारून ज्याचं त्यानं आणावं.

बाकीचं थोडक्यात. दम थोडा वाढेल पण बोलता येईल अशा चालीनं अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. वजन जास्त असेल तर दर किलो उतरल्यावर वरचा आकडा साधारण एकनं उतरतो. दारू जितकी कमी तितकं चांगलं. विडी, तंबाखू, मशेरीचं सांगताना दाबासोबत हृदयविकाराचंही सांगा.

बचत गटाच्या पैशातून जमलं तर दोन मशीन वाडीसाठीच घ्या. ज्याचं शिबिरात १४०/९० च्या वर आलं त्याच्या घरी एक मशीन आठवडाभर राहू दे. सकाळी लघवी करून, नाश्ता आणि गोळीच्या आधी दोन मापं, संध्याकाळी दोन, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ ही सीमा धरायची, १४०/९० नाही. ही वही पाहिली की डॉक्टरांचा निर्णय सोपा होतो. दवाखान्यात गेल्यावरच ज्यांचं वाढतं ते वेगळे कळतात, आणि दवाखान्यात ठीक पण घरी चढलेलं असे लपलेलेही सापडतात.

चाकरमान्यांचा प्रश्न तुम्ही मांडलात ते फार बरं केलंत. तीस-चाळीस वयाचे, लोकलनं धक्के खात जाणारे, बाहेरचं खाणारे हे लोक मुंबईत कधीच मोजायला जात नाहीत. त्यांच्या चिठ्ठीवर मुंबईतला पत्ता कुठल्या भागात आहे ते लिहून घ्या आणि तिथला महापालिकेचा दवाखाना किंवा 'आपला दवाखाना' कुठे आहे ते फोनवर शोधून त्याच चिठ्ठीवर लिहून द्या. गोळ्या चालू असणाऱ्यानं गावी येताना जास्तीचे आठ दिवस धरून गोळ्या आणाव्यात, परतीची गाडी कधी रखडेल सांगता येत नाही. निघाल्यावर पंधरा दिवसांनी एक फोन: 'पुन्हा मोजलंत का, किती आलं?'

वहीत तीनच गोष्टी मोजा: किती जणांनी दिवाळीपर्यंत पुन्हा माप घेतलं, किती जणांच्या गोळ्या चालू आहेत, आणि शिमग्याला किती जण १४०/९० च्या खाली आहेत. शिमग्याला हीच माणसं पुन्हा गावात असतात, तेव्हा दुसरी फेरी त्याच वर्गात घ्या. शाळा तेव्हा चालू असेल, म्हणून रविवार पाहून ठेवा आणि पालखी वाडीत यायच्या आदल्या सकाळी बोलवा. रात्रभर पालखी नाचवून आलेल्या, न झोपलेल्या माणसाचं माप त्या दिवशी घेऊच नका.